मासे मेल्याची बातमी येते, पुढचं कोणी लिहीत नाही

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तळ्यात मासे मेले की आपल्या पेपरात फोटो येतो, पांढरी पोटं वर केलेल्या माशांचा खच, खाली दोन ओळी की पाण्यातला ऑक्सिजन कमी झाल्याने मासे मृत झाल्याचा अंदाज आहे, आणि बातमी संपली. माझी तक्रार नाही, फोटो खरे असतात आणि अंदाजही बहुतेकदा बरोबर असतो. पण ज्याचं तळं असतं त्याचा खरा घोटाळा त्या फोटोनंतर सुरू होतो आणि त्याबद्दल कुठे काही छापून येत नाही. मी त्या घोटाळ्यातून गेलोय, एकदा नाही दोनदा आपटलोय, म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर कापा, पण मरळ या शिकारी माशाचा भाग कापू नका एवढी विनंती.

माझं खाजगी तळं आहे, अर्ध्या एकराच्या आसपास. धंदा नाही, हौस. सुट्टीच्या दिवशी चार मित्र गळ घेऊन बसतात, मासा लागला तर लागला, नाहीतर चहा. रोहू, कटला, मृगळ सोडलेले, काही गवत्या (ग्रास कार्प), आणि पाच-सहा वर्षांत कटले चांगले वाढलेले. त्या वर्षी तळ्यात पाणवनस्पती फार माजली, गळ टाकला की वेलीत अडकायचा, म्हणून मी तणनाशक आणलं आणि एका दिवसात सगळ्या तळ्यावर मारलं. मारलं आणि खूश झालो, आठवड्यात तळं साफ. साफ म्हणजे काय, तर ते सगळं तण मरून तळाशी बसलं आणि कुजायला लागलं, वर पाणी वाटाण्याच्या आमटीसारखं हिरवं, आणि मी वरून रोज खाद्य टाकतोच आहे कारण मासे छान खातायत. मग तीन दिवस ढग, वारा शून्य. चौथ्या दिवशी पहाटे बघतो तर सगळे मोठे मासे पाण्यावर तोंडं काढून हवा गिळतायत, आणि उजाडेपर्यंत निम्मे उलटे झालेले.

यात गूढ काही नाही, पण मला ते तेव्हा कळलं नव्हतं. हिरवं पाणी म्हणजे सूक्ष्म शेवाळ. दिवसा उन्हात ते ऑक्सिजन बनवतं, रात्री तेच शेवाळ माशांसारखं ऑक्सिजन खातं, म्हणून तळ्यातला ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो तो पहाटे. ढगाळ दिवशी कमाई कमी आणि रात्री खर्च तेवढाच, असे तीन दिवस गेले की तिजोरी रिकामी. त्यात गरम पाण्यात मुळात ऑक्सिजन मावतोच कमी, १० अंशाला लिटरमागे ११ मिलिग्रॅमच्या आसपास आणि ३० अंशाला जेमतेम ७.५. माशांना ५ च्या वर असलं की बरं वाटतं, २-३ च्या खाली गेलं की ते वर येऊन हवा गिळायला लागतात, १ च्या खाली फार वेळ तग धरत नाहीत. आणि कुजणारं तण हा त्यातला न सांगता आलेला पाहुणा, तो दिवसरात्र ऑक्सिजन खात बसलेला. तणनाशक मारायचंच तर एका वेळी तळ्याच्या फार तर एक तृतीयांश भागावर मारायचं आणि मध्ये दोनेक आठवडे जाऊ द्यायचे, हे मला नंतर कळलं. डब्यावर लिहिलेलंही होतं, बारीक अक्षरात, ते आम्ही कोण वाचतो.

तर पहिला मुद्दा, मासे मेले त्या सकाळी रडत बसायच्या आधी बघून घ्या की कोण मेलंय आणि कधी मेलंय, कारण पुढे मासे सोडायचे की नाही हे त्यावर ठरतं. पहाटे मेले, मोठे आधी मेले आणि काही छोटे तगले तर बहुतेक ऑक्सिजनचं काम. भर दुपारी, लहान-मोठे, सगळ्या जातीचे एकदम, आणि सोबत बेडूक, किडे, पाण्यातले शिंपले असं काहीही तडफडताना दिसलं तर विषाचा संशय घ्या, वरच्या शेतातली फवारणी पावसाने वाहून आली असेल. पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं माणसाला त्या मानाने सौम्य, पण माशांना अगदी थोडीही भारी पडतात. आणि रोज दोन-चार असे दहा-पंधरा दिवस मरत राहिले, अंगावर जखमा, पांढरे ठिपके, कल्ले सडलेले, तर तो रोग. तिन्हींची पुढची वाट वेगळी. विष असेल तर त्याच दिवशी स्वच्छ बाटलीत पाण्याचा नमुना भरून बर्फात ठेवा, दोन दिवसांनी भरलेल्या बाटलीत काही सापडत नाही. मेलेला मासा कुजला की त्याची तपासणी पण होत नाही, अर्धवट जिवंत असलेला मासा तपासणीला सगळ्यात चांगला.

मी यातलं काही केलं नाही. मी मेलेले वर आलेले मासे गोळा केले, खड्ड्यात पुरले, आणि नवव्या दिवशी बोटुकल्या, म्हणजे बोटभर लांबीची माशांची पिल्लं, आणून सोडल्या. अडीच हजार. एवढ्या का, तर विकणारा म्हणाला, तळं मोकळं आहे, आता जागाच जागा, आणि मला ते पटलं कारण मला रिकामं तळं बघवत नव्हतं. मित्रही म्हणाले सोडून टाक, सीझन वाया जाईल. हे सगळ्यांचं होतं, घरातला कुत्रा गेला की दुसऱ्या आठवड्यात पिल्लू आणतात तसं.

दोन दिवसांत सगळ्या मरून वाऱ्याच्या बाजूच्या काठाला लागल्या. यावेळी ऑक्सिजन नव्हता कमी, यावेळी अमोनिया.

वर आलेले मासे तुम्ही उचलता, पण मेलेला मासा आधी तळाशी जातो आणि पोटात गॅस झाला की वर येतो, सगळेच येतात असं नाही, बरेच तळाशीच कुजतात. त्यातून, कुजलेल्या तणातून, न खाल्लेल्या खाद्यातून अमोनिया सुटतो. आता यातली मेख अशी की अमोनिया सगळा विषारी नसतो, त्याचा एक भागच विषारी आणि तो भाग किती हे पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी की अल्कधर्मी यावर, ठरतं. पीएच ७ असताना एकूण अमोनियाच्या शेकडा एकापेक्षा कमी, पीएच ९ झाला की एक तृतीयांशाहून जास्त. आणि हिरव्या पाण्याच्या तळ्यात दुपारी पीएच ९ ला जाणं काही विशेष नाही, शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं म्हणून तो चढतो. म्हणजे सकाळी मोजलं तर पाणी ठीक आणि दुपारी तेच पाणी जहर. मी बोटुकल्यांच्या पिशव्या सोडल्या दुपारी दीड वाजता. पिशवी फोडून थेट ओतल्या, कारण फोटो काढायचा होता.

त्यानंतर मी मोजायला शिकलो. किट मिळतं, थेंब टाकून रंग बघायचा, काही कठीण नाही. पीएच आणि अमोनिया सकाळी एकदा आणि दुपारी तीनला एकदा, असे आठ-दहा दिवस ओळीने लिहून ठेवायचे. ऑक्सिजन पहाटे मोजायचा, दुपारचा आकडा बघून खूश होणारा माणूस स्वतःला फसवतो. आणि सगळ्यात खात्रीची तपासणी किटची नाहीच, ती हाप्याची. बारीक जाळीचा पिंजरा, आम्ही हापा म्हणतो, तळ्यात चार काठ्यांना बांधायचा, त्यात वीस-पंचवीस बोटुकल्या सोडायच्या आणि दोन दिवस बघायचं. जगल्या तर पाणी तयार. मेल्या तर वीस गेल्या, अडीच हजार नाही. विषाचा संशय असेल तर हापा आणखी जास्त दिवस ठेवा. एवढी सोपी गोष्ट, पण बोटुकल्या विकणारा ती कधी सांगणार नाही, त्याने का सांगावी.

तळाचा गाळ उपसता आला तर उत्तम, तळं आटवून तडकेपर्यंत वाळवता आलं तर त्याहून उत्तम. मला ते जमलं नाही, मी पाणी बरंच खाली घेऊन मेलेलं तण आणि जमेल तेवढा गाळ काढला, ताजं पाणी घेतलं. बोअरचं पाणी घेणार असाल तर ते फवारत घ्या, जमिनीखालच्या पाण्यात ऑक्सिजन नावालाच असतो, पाइप सरळ तळाशी सोडून उपयोग नाही. चुन्याबद्दल सगळे सांगतात टाका टाका, पण कळीचा चुना पीएच एकदम वर नेतो, आणि पाण्यात अमोनिया असताना पीएच वर नेणं म्हणजे काय ते वर सांगितलंच. पीएच मोजून, कमी असेल तरच, आणि मासे सोडायच्या बरेच दिवस आधी.

आता मरळीचं.

सहा आठवडे थांबलो. किटवर सगळं छान. हाप्यात सगळ्या जगल्या. सकाळी सोडल्या, हळूहळू सोडल्या, आणि एकसुद्धा मेलेली दिसली नाही. मी इतका निर्धास्त झालो की रोज खाद्य टाकून यायचो, संध्याकाळी मित्रांना सांगायचो यावेळी जमलं. दीड-दोन महिन्यांनी शंका यायला लागली, खाद्य टाकलं की पाणी खळबळायला हवं ते खळबळत नव्हतं. ओढजाळं लावलं. एका ओढीत किती याव्यात, आल्या सात. दुसऱ्या ओढीत चार आणि एक मरळ, हाताच्या कोपरापेक्षा लांब, पोट नगाऱ्यासारखं. कापली तर आत काय असणार.

मरळ मी कधी सोडली नव्हती, पावसात कुठून तरी चढून येते ती. पण मुद्दा तो नाही. मुद्दा हा की मरळ, मांगूर हे मासे हवेत श्वास घेतात. वर येऊन घोट मारायचा आणि परत खाली. पाण्यातला ऑक्सिजन संपला तरी त्यांना काही होत नाही. म्हणजे ज्या पहाटे माझे कटले मेले त्या पहाटे तळ्यात बहुतेक खाणारेच शिल्लक राहिले आणि त्यांना खायला काहीच उरलं नाही. आणि मग मी, शहाण्याने, त्यांना बोट-बोट लांबीचा खाऊ आणून घातला, वर हळूहळू, तापमान जुळवून.

हे मला एकाही माणसाने सांगितलं नाही. ऑक्सिजनने मासे मेलेलं तळं रिकामं दिसतं पण ते रिकामं नसतं, ते नेमकं चुकीच्या माशांनी भरलेलं असतं. माझ्या मते नवीन बी, म्हणजे पिल्लं, सोडण्याआधीचा हा सगळ्यात मोठा प्रश्न आहे, पाणी कसं आहे याच्याही आधीचा, की आत उरलंय कोण.

ते बघायचं कसं, तर ओढजाळं तीन-चार वेळा, पण मरळ जाळं आलं की चिखलात शिरते नाहीतर वरून उडी मारते, त्यामुळे जाळ्यात नाही म्हणजे तळ्यात नाही असं समजू नका. पहाटे आणि संध्याकाळी शांत बसून पाण्याकडे बघा, हवेचा घोट घेताना पाण्यावर एक बुडबुड्याचा टप्पा उठतो. आणि शेवटी आपण गळवाले आहोत ना, जिवंत बेडूक किंवा छोटा मासा गळाला लावून महिनाभर बसा. मी बसलो, पाच काढल्या. मासे पाळणारे लोक मोहाची पेंड वापरतात, हजार लिटर पाण्याला २०० ते २५० ग्रॅम, तिच्यातल्या सॅपोनिनने नको असलेले मासे मरतात आणि दोन-तीन आठवड्यांनी तिचा असर जाऊन तिचंच खत होतं. तळं पूर्ण मोकळं असेल तर तो मार्ग चांगला. माझ्यात काही जुने मृगळ वाचले होते, त्यांना मारायला मन होईना, म्हणून मी गळावर राहिलो.

वाचलेल्यांचं आणखी एक. थोडेच मासे मेले असतील आणि तुमच्या तळ्यात तळ्यातच अंडी घालणाऱ्या जाती असतील तर कदाचित काहीच सोडायची गरज नाही, उरलेल्यांना जागा आणि खाद्य मिळतं, वर्ष-दोन वर्षांत भरून निघतं. तिलापिया असेल तर बोलायलाच नको, भरून निघतं आणि मग वीतभर माशांची नुसती गर्दी, गळाला लागेल असा एक नाही. पण रोहू-कटला-मृगळ साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना नदीचं वाहतं पाणी लागतं, ते गेले की गेले, ते सोडावेच लागतात. म्हणून कोण मेलं ते मोजा असं म्हणतोय.

शिकारी मासा हौसेने पाळणाऱ्यांनी क्रम तरी पाळावा. अमेरिकेत गळवाल्यांच्या तळ्यांत ब्लूगिल नावाचा छोटा मासा आधी सोडतात, तो रुळला, त्याची पिल्लं झाली की काही महिन्यांनी मग बास नावाचा शिकारी मासा सोडतात, आणि साधारण दहा ब्लूगिलला एक बास असं प्रमाण ठेवतात. जाती वेगळ्या असल्या तरी अक्कल तीच, आधी ताट वाढा मग पाहुणे बोलवा. आपल्याकडे उलटं, मित्राने दिला म्हणून मोठा शिकारी मासा बादलीतून आणून आधी सोडतात. नदीतून बादलीत आणलेल्या माशांबद्दल तर बोलतच नाही, त्यातून रोग येतो, नको ते बी येतं, आणि मरळीचं पिल्लूही असंच आलं नसेल कशावरून.

तिसऱ्या वेळी मी पाचशे सोडल्या. आकडा सांगतो कारण सगळे विचारतात. खाद्य घालून, खत घालून जे संमिश्र मत्स्यपालन करतात ते हेक्टरी ५,००० ते १०,००० बोटुकल्या धरतात, म्हणजे माझ्या तळ्याला हजार ते दोन हजार. पण ते दिवसरात्र लक्ष ठेवतात, एरेटर (पाण्यात हवा मिसळणारी यंत्रं) असतात, आणि वर्षात मासे काढून विकून मोकळे होतात. आपण काढत नाही, आपण पकडतो, फोटो काढतो आणि परत सोडतो, त्यामुळे वजन वाढतच जातं आणि पाचव्या वर्षी तळ्यात किती किलो मासा आहे हे आपल्यालाही माहीत नसतं. माझे कटले मेले त्याचं हेही कारण होतं असं मला आता वाटतं, तण आणि ढग यांनी फक्त शेवटचा धक्का दिला. तर हौशी तळ्याला निम्म्याहून कमी बोटुकल्या पुरे, आणि वर राहणारा कटला, मध्ये राहणारा रोहू, तळाला चरणारा मृगळ असे वाटून.

लहान पण घेऊ नका. मत्स्यजिरे किंवा बारीक पिल्लं स्वस्त पडतात म्हणून घ्यावीशी वाटतात, पण मासे मेलेल्या तळ्यात पाण्यातल्या किड्यांना खाणारं कोणी उरत नाही, ते माजतात, चतुराच्या अळ्या आणि उलटे पोहणारे ढेकणासारखे किडे बारीक पिल्लं सहज फस्त करतात. चार इंचाच्या पुढची, एकसारख्या आकाराची, हाताने पाणी हलवलं की उसळणारी बोटुकली घ्या. एक हातात घेऊन कल्ले उघडून बघा, लालबुंद हवेत. आदल्या दिवशी उपाशी ठेवून पिशवीत भरल्यात ना हे विचारा, भरल्या पोटी भरल्या तर पिशवीतलं पाणी वाटेतच घाण होतं.

सोडायचं सकाळी, ऊन चढायच्या आत. बंद पिशव्या पाण्यावर १५-२० मिनिटं तरंगत ठेवा, तापमान जुळू दे, मग तोंड उघडून तळ्याचं पाणी थोडं थोडं आत, आणि पिशवी आडवी करून त्यांना स्वतःहून बाहेर जाऊ द्या. तोंड उघडलेली पिशवी तासभर तशीच ठेवू नका मात्र, माझ्या एका मित्राने जास्त काळजी म्हणून ठेवली होती. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच खाली असतो आणि माशांच्या घाणीचा अमोनिया गप्प बसलेला असतो, हवा लागली की गॅस उडतो, पीएच वर येतो आणि अमोनिया जागा होतो. अति काळजीनेही मरतात ती अशी.

आता रोजची सवय सांगतो. हात कोपरापर्यंत पाण्यात घालतो, बोटं दिसेनाशी झाली तरी चालतं, पण मनगटाच्या जरा वरच सगळं गायब झालं तर पाणी फार हिरवं, खाद्य बंद. ढग आले की खाद्य बंद. एरेटर घेतला, तो दिवसा नाही, मध्यरात्री ते उजाडेपर्यंत चालवतो. नसेल तर पंपाने वरच्या थरातलं पाणी उचलून तळ्यावरच फवारा, फक्त तळाचा गाळ ढवळू नका, गाळातला सडका वायू आणि ऑक्सिजन नसलेलं पाणी वर आलं की उरलेलेही जातात.

पहिलं वर्षभर गळ टाकायचा नाही असं ठरवलं होतं. दहा महिने पाळलं. मित्र नुसते चहाला येतात, येतात हेच खूप.

संपादकसाहेब, तुमच्याकडे मागणं एवढंच की पुढच्या वेळी असा फोटो आला तर वार्ताहराला तीन गोष्टी विचारायला सांगा, मासे पहाटे मेले की दुपारी, मोठे मेले की सगळेच, आणि मेलेल्यांत कोणती जात अजिबात नव्हती. त्या तिसऱ्या उत्तरावर त्या तळेवाल्याचे पुढचे पैसे वाचतील.

आपला,
एक नियमित वाचक आणि हौशी गळवाला

ता. क. वर पाच मरळी काढल्या असं लिहिलंय. परवा संध्याकाळी पलीकडच्या कोपऱ्यात परत बुडबुड्याचा टप्पा उठला. बेडूक शोधतोय.